दगड किती मोठा असावा

इराणच्या १९९१ च्या दंडसंहितेत एक कलम होतं, १०४ नंबरचं. व्यभिचारासाठी दगडांनी मारायची शिक्षा द्यायची झाली तर दगड केवढा असावा याचं. एवढा मोठा नको की एकदोन दगडांतच माणूस मरेल, आणि एवढा बारीकही नको की त्याला दगड म्हणता येणार नाही. बस्स, एवढंच. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर ना खड्डा आला ना बाई आली, आधी आला तो हे लिहिणारा माणूस. कुणीतरी ऑफिसात बसून, बाजूला चहाचा ग्लास ठेवून हे वाक्य कागदावर उतरवलं असणार ना? मग वरच्या साहेबाने वाचलं असणार, एखादा शब्द इकडचा तिकडे केला असणार, सही ठोकली असणार आणि संध्याकाळी दोघंही घरी जाऊन जेवले असणार.

आसपासची कलमंही अशीच बारकाईची. पुरुषाला कमरेपर्यंत पुरायचं, बाईला छातीपर्यंत. वरवर बघितलं तर हा मर्यादेबिर्यादेचा मामला वाटतो, पण पुढचं कलम वाचलं की पोटात गोळा येतो, कारण गुन्हा स्वतःच्या कबुलीवरून सिद्ध झालेला असेल आणि माणूस खड्ड्यातून निसटून पळाला तर त्याला परत आणायचं नाही, सुटला तो. कमरेपर्यंत पुरलेला निदान धडपड करून बघेल. छातीपर्यंत पुरलेलीने काय करायचं?

आणि अजून एक कलम, की पहिला दगड कुणी मारायचा. कबुलीवरून शिक्षा झाली असेल तर न्यायाधीशाने. साक्षीवरून झाली असेल तर आधी साक्षीदारांनी, मग न्यायाधीशाने, मग बाकीच्यांनी. आता गंमत म्हणा किंवा काय म्हणायचं ते म्हणा, इतक्या भयानक कायद्यात ही एक अट मला चक्क शहाणपणाची वाटली. का ते सांगते, पण जरा वळसा घालून.

हे सगळं मी वाचायला लागले ते आमच्या सोसायटीच्या ग्रुपमुळे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरचं प्रकरण झालं तेव्हा सगळ्यांचीच डोकी फिरलेली होती, माझंही, आणि ग्रुपवर धडाधड मेसेज यायला लागले की अरब देशांसारखं पाहिजे, भरचौकात उडवा, शिवाजी महाराजांनी रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडले तसे तोडा. राग समजू शकते, लहान मुलींचा विषय होता. पण थोड्या दिवसांनी त्याच ग्रुपवर कुठल्यातरी शहरातला एक व्हिडिओ आला, नवऱ्याने बायकोला हॉटेलच्या खोलीत दुसऱ्याबरोबर पकडलंय, ती तोंड लपवतेय, आणि खाली तीच माणसं तेच लिहीत होती. भरचौकात. दोघांनाही. म्हणजे गुन्हा बदलला तरी शिक्षा बदलली नाही. नेहमी गुडघेदुखीचे उपाय पाठवणाऱ्या एका काकांनी लिहिलं होतं, "सौदीत असते तर आत्तापर्यंत निकाल लागला असता."

माझा मावसभाऊ रियाधला बरीच वर्षं होता, एका कंपनीत अकाउंट्स बघायचा. त्याला मी फोन लावला. तिथे जुन्या शहरात मशिदीजवळ देरा नावाचा चौक आहे, शुक्रवारच्या नमाजानंतर तिथे तलवारीने डोकं उडवायचे आणि परदेशी लोकांनी त्याला चॉप चॉप स्क्वेअर असं नाव ठेवलेलं. मी विचारलं, दादा तू कधी बघितलंस का? "येडी आहेस का तू? शुक्रवारी आम्ही त्या बाजूला फिरकायचोच नाही," म्हणाला, "परदेशी माणूस दिसला तर पुढे ढकलतात अशी अफवा होती. बाकीचे दिवस तिथे पोरं सायकली चालवायची." मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला की चौकाच्या फरशीत मध्ये पाणी वाहून जायला जाळी बसवलेली आहे, पहिल्यांदा ती बघितली तेव्हा पावसाची समजलो होतो, नंतर डोक्यात आलं की इथे पाऊस असतो कुठे.

असो. मूळ विषय व्यभिचाराचा.

शरियतच्या पारंपरिक नियमात यासाठी चार पुरुष साक्षीदार लागतात, चौघांनी प्रत्यक्ष संभोग स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला हवा, बंद दाराबाहेर उभं राहून काढलेला अंदाज चालत नाही. आणि साक्ष पुरी पडली नाही तर उलट आरोप करणाऱ्यांनाच प्रत्येकी ८० फटके. मला सांगा, कोण जाईल कशाला? बरेच अभ्यासक म्हणतात की कायदा मुद्दामच असा रचलाय की शिक्षा तोंडाने सांगायची आणि द्यायची वेळ येऊ द्यायची नाही. इतिहासही थोडाफार तसंच बोलतो. ऑटोमन साम्राज्याच्या राजधानीत इस्तंबूलमध्ये १६८० साली एका बाईला अशी शिक्षा झाली, तर त्या एका घटनेबद्दल इतिहासकार आजपर्यंत लिहितायत, कारण तिथे दुसरी काही सहजी सापडत नाही.

मग आजच्या काळात माणसं या कलमाखाली सापडतात तरी कशी? चोरवाटांनी. चार साक्षीदार कधीच नसतात. एक वाट कबुलीची, आणि कोठडीतली कबुली कशी मिळते हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. दुसरी वाट इराणमध्ये आहे, न्यायाधीशाचं ज्ञान. म्हणजे पुरावा जमला नाही तरी न्यायाधीशाला परिस्थिती बघून आतून खात्री पटली तर चालतं.

सकीनेह मोहम्मदी आश्तियानीची केस तशीच. ताब्रिझची बाई, दोन मुलांची आई, नवऱ्याचा खून झालेला, आझेरी बोलणारी. २००६ मध्ये आधी अनैतिक संबंधांबद्दल तिला ९९ फटके बसले, ते खाऊन झाले. मग त्याच वर्षी नवऱ्याच्या खुनाच्या खटल्यात विषय पुन्हा उकरला गेला, की हे संबंध नवरा जिवंत असतानाचे होते, आणि पाचपैकी तीन न्यायाधीशांनी त्याच आतल्या खात्रीवर दगडांची शिक्षा दिली. दोघांना ती खात्री पटली नव्हती. तीन विरुद्ध दोन. पुढे २०१० मध्ये जगभर बोंबाबोंब झाली, ब्राझीलच्या लुलांनी तर आमच्याकडे पाठवा म्हणून सांगितलं, इराणने तिला टीव्हीवर आणून कबुलीजबाब द्यायला लावला, तिच्या वकिलाला देश सोडून नॉर्वे गाठावं लागलं, मुलालाही आत टाकलं. शेवटी २०१४ मध्ये ती सुटली. जिवंत सुटली, पण आठ वर्षं रोज सकाळी उठून काय विचार करत असेल ते तिचं तिलाच माहीत.

आणि हे सगळं चालू होतं ते २००२ मध्ये इराणच्या न्यायव्यवस्थेच्या प्रमुखांनी ही शिक्षा थांबवा म्हणून आदेश दिल्यानंतर! थांबवा म्हणजे कायदा तसाच ठेवून थांबवा. २००७ मध्ये कझवीन प्रांतातल्या एका खेड्यात एका माणसाला दगडांनी मारलंच, आणि नंतर प्रवक्त्यांनी तसं मान्यही केलं. २०१३ च्या नव्या संहितेत दगडाच्या मापाचं कलम गेलं, शिक्षा राहिली, सोबत एक सोय आली, की दगड शक्य नसतील तर वरून परवानगी घेऊन दुसऱ्या पद्धतीने मारता येईल.

तिसरी चोरवाट पोटातून जाते. नायजेरियाची अमीना लावल. उत्तरेकडच्या बारा राज्यांनी २००० च्या आगेमागे शरियतचा फौजदारी कायदा आणला, त्यातलं एक कत्सिना. अमीना घटस्फोटित, खेड्यातली, मुलगी झाली तिला. नवरा नाही आणि मूल आहे, झाला की पुरावा. मार्च २००२ मध्ये तिला दगडांची शिक्षा झाली, फक्त बाळाचं दूध सुटेपर्यंत थांबायचं ठरलं. म्हणजे दयाही कशी मोजूनमापून आहे बघा! आणि ज्या पुरुषाचं नाव तिने घेतलं तो म्हणाला मी नाही, त्याच्याविरुद्ध चार साक्षीदार कुठून आणणार, तो घरी गेला. चार साक्षीदारांची भिंत बाईसाठी काहीच कामाची नव्हती, पुरुषासाठी मात्र अगदी भक्कम.

तिचं अपील ज्या पद्धतीने लढवलं गेलं ते मला फार आवडतं, खरंच. वकिलांमध्ये हौवा इब्राहिम नावाची बाई होती. मानवी हक्कांवर भाषणं ठोकायच्या ऐवजी या लोकांनी शरियतचीच पुस्तकं उघडली. खालच्या कोर्टात तीन न्यायाधीश हवे होते, एकच होता. कबुली कधीही मागे घेता येते. आरोप काय आहे हे तिला नीट समजावूनच सांगितलं नव्हतं. आणि सगळ्यात कहर म्हणजे, मालिकी पंथाच्या जुन्या फिक्हमध्ये, म्हणजे धर्मकायद्यात, असं धरलेलं आहे की गर्भ पोटात निपचित पडून राहू शकतो, तब्बल पाच वर्षांपर्यंत. मग घटस्फोटानंतर पाच वर्षांच्या आत झालेलं मूल आधीच्या नवऱ्याचं नाही कशावरून? आता विज्ञानाच्या दृष्टीने ही थाप आहे. पण ज्या कुणी शेकडो वर्षांपूर्वी ती पुस्तकात घालून ठेवली त्या मौलवीला माझा नमस्कार, कारण त्याला नक्की माहीत असणार की आपण कुणासाठी दार किलकिलं ठेवतोय. सप्टेंबर २००३ मध्ये कत्सिनाच्या शरियत अपील कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल देऊन तिला सोडलं.

त्या वेळी आणखी एक झालं होतं ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. जगभर ईमेलवर सह्यांची मोहीम फिरत होती, अमीनाला अमुक तारखेला मारणार, त्वरा करा, पुढे पाठवा. आपल्याकडेही ते मेल आले असतील, तेव्हा सगळंच फॉरवर्ड व्हायचं. तर नायजेरियातल्याच बाओबाब नावाच्या बायकांच्या संस्थेने जाहीर पत्र काढून हात जोडले की बाबांनो थांबा, तुमच्या पत्रांतली माहिती चुकीची आहे, आणि तुम्ही जेवढा आरडाओरडा कराल तेवढे इथले राजकारणी हट्टाला पेटतील, आम्हाला कोर्टात लढू द्या. किती अवघड असेल ते लिहिणं! सगळं जग तुमच्या बाजूने ओरडतंय आणि तुम्हीच त्याला गप्प बस म्हणताय.

आता इथपर्यंत वाचून कुणाच्या मनात "हे त्यांच्यातच असतं" असं आलं असेल तर थोडं थांबा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातला ३७१ वा श्लोक काढून बघा, माहेरच्या किंवा स्वतःच्या गुणांच्या गर्वाने नवऱ्याला ओलांडणाऱ्या बाईला राजाने भरवस्तीत कुत्र्यांकडून खाववावं, आणि पुढच्याच श्लोकात तिच्या जोडीदाराला तापलेल्या लोखंडी पलंगावर भाजावं असं सांगितलंय. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी जे पुस्तक जाळलं त्यात हेही होतं. बायबलच्या जुन्या करारात दोघांनाही देहदंड आहे. बॅबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात दोघांना बांधून पाण्यात टाका म्हणून सांगितलंय, पण नवऱ्याने बायकोला माफ केलं तर राजाही पुरुषाला माफ करू शकतो, मालक म्हणेल तसं. आणि गोऱ्यांनी तर हे बऱ्यापैकी अलीकडे केलंय. बोस्टनमध्ये १६४४ साली प्युरिटन म्हणजे कर्मठ ख्रिस्ती लोकांनी मेरी लेथम नावाच्या अठरा वर्षांच्या पोरीला आणि तिच्या प्रियकराला व्यभिचारासाठी फासावर चढवलं. इंग्लंडच्या पार्लमेंटने राजाचं मुंडकं उडवल्यावर सव्वा वर्षात, १६५० मध्ये, व्यभिचाराला देहदंड लावणारा कायदा केला. तिथल्या ज्यूरींनी मात्र त्याखाली कुणाला दोषी ठरवायला जवळजवळ नकारच दिला, आणि १६६० मध्ये राजा परत आला तसा तो कायदाही गेला.

ज्यूरीतली ती साधी माणसं, शेजारीपाजारीच असतील कुणाचे तरी, त्यांना पार्लमेंटपेक्षा जास्त अक्कल होती असं म्हणायचं का? मला वाटतं की ती जवळ उभी होती. इथे मी त्या पहिल्या दगडाच्या कलमाकडे येते. बायबलमध्येही, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात, तोच नियम आहे, मारायला पहिला हात साक्षीदारांचा उठला पाहिजे. म्हणजे तू सांगतोस ना की तू बघितलंस, मग उचल. नुसतं सांगून घरी जायचं नाही. येशूची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा म्हणाला आणि म्हाताऱ्यांपासून सुरुवात होऊन एकेक जण सटकला, पण तो काही हवेतून बोलत नव्हता, पहिला दगड कुणाचा हा प्रश्न कायद्यात आधीपासून होताच, त्याने फक्त अट वाढवली. ज्यूंच्या मिश्ना या जुन्या धर्मकायद्याच्या ग्रंथात तर असं म्हटलंय की जे न्यायमंडळ सात वर्षांत एकाला देहदंड देईल ते घातकी समजावं, आणि एक रब्बी म्हणाला सात कसली, सत्तर वर्षांत एक.

जुन्या लोकांना हात कुणाचा हे महत्त्वाचं वाटायचं. आणि तो हात एकदा गर्दीत विरघळला की काय होतं ते आपल्या पुण्याने बघितलेलं आहे. १७९१ साली, घाशीराम कोतवाल. कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळलं, त्याची धिंड काढली आणि लोकांच्या ताब्यात दिला, लोकांनी दगडांनी ठेचला. तो काही साधूसंत नव्हता, मान्य. पण त्याला मारलं कुणी असं विचारलं तर एक नाव सांगता येईल का? पुण्याने मारलं.

आजची सरकारं नेमकं हेच करतात, फक्त टापटिपीत. जपानमध्ये फाशीच्या वेळी भिंतीपलीकडे बटणं असतात, वेगवेगळे कर्मचारी ती एकदम दाबतात आणि खालची फळी कुणाच्या बटणाने उघडली ते कुणालाच कळत नाही. कैद्याला त्याच दिवशी सकाळी सांगतात, घरच्यांना सगळं उरकल्यावर. अमेरिकेत युटा राज्यात २०१० मध्ये एकाला गोळ्या घातल्या तेव्हा पाच नेमबाज होते आणि एका बंदुकीत खोटं काडतूस, म्हणजे प्रत्येकाला मरेपर्यंत म्हणता यावं की माझंच खोटं असेल. चीनमध्ये किती जणांना मारतात तो आकडाच सरकारी गुपित आहे. ॲम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संस्थेने २०२४ साठी जगभरात १५१८ मोजले, त्यात इराणचे किमान ९७२ आणि सौदीचे किमान ३४५, आणि हा आकडा चीनचे हजारो सोडून आहे. दुसरीकडे ११३ देशांनी ही शिक्षा पूर्णपणे काढून टाकलीय, आणि तिथले लोक रस्त्यावर एकमेकांना कापत सुटलेत असं काही दिसत नाही.

आपणही याच रांगेत. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात कसाबला फाशी दिली, त्याला ऑपरेशन एक्स असं नाव होतं, सकाळी उठून टीव्ही लावला तर सगळं झालेलंच होतं, आणि खटका ओढणारा कोण ते गुपित ठेवलं. त्या दिवशी मी काही रडले वगैरे नाही, उगाच खोटं कशाला सांगू, ऑफिसात पेढे आले ते खाल्लेही. आपल्याकडे २००४ पासून प्रत्यक्ष फाशी झालेले एकूण आठ. खालची कोर्टं मात्र बहुतेक वर्षी शंभराच्या वर लोकांना ती ठोठावतात. म्हणजे शिक्षा सांगायला आपल्याला आवडतं, द्यायला नाही.

व्यभिचाराच्या बाबतीत हे सांगणं आणि देणं यातलं अंतर तर फारच मोठं आहे. ब्रुनेईच्या सुलतानाने एप्रिल २०१९ मध्ये दगडांची शिक्षा लागू केली, जगभरातून त्याच्या हॉटेलांवर बहिष्कार पडायला लागले, आणि महिन्याभरात तो टीव्हीवर येऊन म्हणाला की आमच्याकडे वीसहून जास्त वर्षं कुणाला देहदंड दिलेलाच नाही, आणि यापुढेही देणार नाही. अरे मग आणला कशाला? पाकिस्तानात झिया-उल-हकने १९७९ मध्ये हुदूद, म्हणजे शरियतच्या ठरीव शिक्षांचा, वटहुकूम काढला. १९८१ मध्ये त्यांच्याच शरियत कोर्टाने सांगितलं की दगडांची शिक्षा कुराणात नाही, ती इस्लामी म्हणता येणार नाही. तर झियाने कोर्टच बदललं, नवे न्यायाधीश बसवले, फेरविचार करायला लावला आणि १९८२ मध्ये ती पुन्हा इस्लामी झाली! एवढी उठाठेव करून सरकारने प्रत्यक्षात एकालाही दगडांनी मारलं नाही. पण या कायद्याखाली बायका हजारोंनी तुरुंगात गेल्या, त्यात बलात्काराची तक्रार करायला गेलेल्या आणि पुरावा जमला नाही म्हणून स्वतःच व्यभिचारी ठरलेल्याही होत्या. आणि इज्जतीच्या नावाखाली बाप, भाऊ, नवरे दरवर्षी शेकड्यांनी मारतात ते वेगळंच. सरकारने फक्त एवढंच सांगून ठेवलं की अशी बाई मरायच्याच लायकीची असते, पुढचं काम घराघरांत झालं. अफगाणिस्तानात मार्च २०२४ मध्ये तालिबानचा प्रमुख अखुंदजादाने एका ध्वनिसंदेशात सांगितलं की बायकांना चारचौघांत दगडांनी मारू. तिथे स्टेडियममध्ये फटक्यांच्या शिक्षा आधीपासून सुरूच आहेत, त्यामुळे तिथल्या बाईला ही नुसती पोकळ धमकी आहे असं सांगायची माझी तरी छाती नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे व्यभिचाराला कधी देहदंड नव्हता, निदान इंग्रजांच्या कायद्यात तरी नव्हता. मेकॉलेने दंडसंहितेच्या १८३७ च्या मसुद्यात हा गुन्हाच धरला नव्हता, त्याचं म्हणणं की ज्या देशात मुलींची बालपणी लग्नं होतात आणि नवरे सवती आणतात तिथे बाईला यासाठी शिक्षा करणं बरं नाही. मेकॉलेला आपण एरवी कितीही शिव्या घालो. नंतरच्या लोकांनी ४९७ कलम घातलं, पाच वर्षं कैद, फक्त परपुरुषाला, आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. मुंबई हायकोर्टात १९५१ मध्येच छागलांनी म्हणून ठेवलं होतं की या कलमामागे बायको म्हणजे नवऱ्याची मालमत्ता हीच कल्पना आहे, तरी कलम टिकलं. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी ते पुन्हा उचलून धरलं, मोहात पाडणारा पुरुषच असतो बाई नव्हे असं सर्वसाधारणपणे मानलं जातं, असं म्हणून. आणि २७ सप्टेंबर २०१८ ला ज्या पाच जणांनी ते रद्द केलं त्यात त्यांचे चिरंजीव धनंजय होते. खेड तालुक्यातल्या कनेरसरचं घराणं, बाप आणि लेक, मध्ये तेहतीस वर्षं. तेव्हा आमच्या घरात या निकालापेक्षा बापाचा निकाल पोराने फिरवला याचीच चर्चा जास्त झाली, माझे बाबा तर दोन दिवस माझ्याकडे संशयाने बघत होते.

पण खरी गोष्ट ४९७ ची नाहीच. खरी गोष्ट २७ एप्रिल १९५९ ची. नौदलातल्या कमांडर नानावटीला बायकोने सांगितलं की तिचं प्रेम अहुजावर आहे. त्याने बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, स्वतः जहाजावर गेला, खोटं कारण सांगून रिव्हॉल्वर आणि सहा गोळ्या घेतल्या, अहुजाच्या ऑफिसात गेला, तो नाही म्हटल्यावर त्याच्या घरी गेला, बेडरूमचं दार लावून घेतलं आणि तीन गोळ्या झाडल्या. अहुजा आंघोळ करून नुकताच बाहेर आला होता, कमरेला टॉवेल. तो टॉवेल जागचा हललेला नव्हता, म्हणजे झटापट झाली हे पटत नाही, यावर पुढे कोर्टात केवढा काथ्याकूट झाला. आणि बाहेर? बाहेर मुंबईच्या फुटपाथवर अहुजा टॉवेल आणि नानावटी रिव्हॉल्वर नावाची खेळणी विकायला आली. ब्लिट्झ साप्ताहिकाने नानावटीला हिरो केला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं. बोस्टन नाही, तेहरान नाही, आपली मुंबई, शिकलेली, इंग्रजी पेपर वाचणारी. चार साक्षीदार नकोत, न्यायाधीश नको, खड्डा खणायला नको. नवऱ्याने परस्पर देहदंड दिला आणि शहराने टाळ्या वाजवल्या. इंग्लंडमधली ज्यूरी मारायला कचरली होती, आपली ज्यूरी मारणाऱ्याच्या पाठीवर हात फिरवून मोकळी झाली, तेव्हा जवळ उभं राहिलं की माणूस शहाणा होतो हा माझा मघाचा सिद्धांत मुंबईत लंगडा पडतो, हे मला कळतंय.

हायकोर्टाने तो निकाल उलटवून जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. बचाव असा होता की तीव्र आणि अचानक चिथावणी मिळाली, डोकं फिरलं. कोर्टाने घड्याळ बघितलं. घरातून निघाल्यापासून गोळी झाडेपर्यंत जवळजवळ तीन तास, मध्ये बायकोमुलांना सिनेमाला सोडणं, जहाज, ऑफिस, एवढ्यात डोकं थंड व्हायला पुरेसा वेळ होता. तरी १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली आणि पुढे तो बायकोमुलांसकट कॅनडाला गेला. अहुजाच्या बहिणीकडून आधी लेखी क्षमा मिळवली होती म्हणतात, म्हणजे हम्मुराबीची आठवण यावी असाच हिशेब, फक्त माफ करणाऱ्याची बाजू उलटी.

१ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात व्यभिचाराचा गुन्हा नाही. संसदेच्या समितीने तो स्त्री-पुरुष दोघांना लागू करून परत आणा असं सुचवलं होतं, सरकारने ऐकलं नाही, बरं झालं. पण विवाहित बाईला फूस लावून नेण्याचा गुन्हा ८४ कलमात कायम आहे, विवाहित पुरुषाला नेलं तर काही नाही. आणि १०१ कलमात खुनाचे अपवाद दिलेत त्यातला पहिलाच अपवाद तीव्र आणि अचानक चिथावणीचा. तो काही फक्त नवऱ्यांसाठी नाही, कुणालाही मागता येतो. पण बायकोला दुसऱ्याबरोबर बघितलं आणि डोकं फिरलं असं म्हणणारा आरोपी आजही त्याच अपवादाचा दरवाजा ठोठावतो, आणि खटला शेवटी मेलेल्या बाईच्या चारित्र्यावरच येऊन थांबतो. ती सांगायला नसते. काकांना मी हे सगळं ग्रुपवर लिहून पाठवलं होतं, याच्या चौथाई लांबीचं. त्यांनी अंगठा दाखवला आणि गुडघ्यांसाठी मेथीचे दाणे पाठवले.